ड्रायव्हरचा स्लाइस जातो आणि परत येतो, तेव्हा काय तपासायचं

गोल्फमधला सगळ्यात लांब क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, तो ड्रायव्हर. आणि बॉल हवेत उजवीकडे वळत जातो तो स्लाइस. लक्षण असं असतं. गच्चीवरच्या नाहीतर शेतातल्या नेटमध्ये ड्रायव्हर झकास लागतो, आवाज भरीव येतो. मग रविवारी पहाटे पेठ नाक्यावरून हायवेला लागायचं, खंबाटकी ओलांडून पुण्यात येरवड्याचा किंवा बावधनचा कोर्स गाठायचा आणि पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहायचं. बॉल निघतो बरोबर समोर, कधी जरासा डावीकडेही. अर्ध्यावर गेला की उजवीकडे झुकायला लागतो आणि शेवटी शेजारच्या होलच्या झाडीत जाऊन पडतो. तीन-चार होलनंतर ड्रायव्हर बॅगेत परत जातो. घरी आल्यावर नेटमध्ये पुन्हा सगळं ठीक.

सांगली-मिरज काय किंवा सातारा काय, आमच्यासारख्यांचं हे दुखणं जुनाट होतं ते याच कारणाने. सराव करतो नेटमध्ये, बॉल उडताना बघतो ते पुण्यात. नेट असतं तीन मीटरवर आणि स्लाइस दिसायला लागतो शंभर मीटर पुढे. म्हणजे नेटमध्ये स्लाइस बरा झालेला नसतो, तो फक्त दिसत नाही. म्हणून खाली जे लिहिलंय ते नेटमध्येच स्लाइस कसा पकडायचा, कुठल्या क्रमाने काढायचा आणि कोर्सवर तो परत का येतो याबद्दल आहे. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशेबाने लिहिलंय. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या धराव्यात.

बॉल वळतो कशाने

क्लब आणि बॉल एकमेकांना लागलेले असतात तो वेळ साधारण अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात दोन गोष्टी ठरतात. एक, क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, त्या क्षणी कुठे बघतेय. दोन, क्लबचं डोकं कुठल्या वाटेने चाललंय, म्हणजे ज्याला पाथ म्हणतात ते. बॉल सुरुवातीला कुठे निघणार हे ड्रायव्हरच्या बाबतीत जवळजवळ ८५ टक्के फेस ठरवतो. आणि पुढे तो कुठे वळणार हे फेस आणि पाथ यांच्यातला फरक ठरवतो. फेस पाथपेक्षा उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा असेल, तर बॉल उजवीकडे वळणार.

आधी बरोबर उलटं शिकवलं जायचं. बॉल पाथच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेने वळतो, असं. २००० नंतर ट्रॅकमॅनसारखी रडारवर चालणारी यंत्रं आली आणि ही समजूत मोडली. पण क्लबात एखादे ज्येष्ठ अजूनही खांद्यावर हात ठेवून जुनंच सांगतात, आणि ज्येष्ठांना कोण अडवणार? ऐकून घ्यायचं आणि आपलं करायचं.

एक उदाहरण घेऊ, कारण सगळी मेख इथे आहे. समजा तुमचा पाथ टार्गेटच्या ६ अंश डावीकडे चाललाय आणि फेस २ अंश डावीकडे बघतोय. टार्गेटच्या हिशेबाने फेस बंद आहे, पण पाथच्या हिशेबाने तो ४ अंश उघडा आहे. बॉल साधारण अडीच अंश डावीकडे निघेल आणि मग झपाट्याने उजवीकडे वळेल. खेळणाऱ्याला वाटतं, "फेस तर मी बंद करून मारला, तरी उजवीकडे कसा गेला?" तर असा गेला.

सात नंबरचं आयर्न, म्हणजे ड्रायव्हरपेक्षा आखूड, पातळ पात्याचा क्लब, सरळ जातं आणि ड्रायव्हरच का दगा देतो, याचंही उत्तर यातच आहे. ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा वर बघणारा कल, ९ ते १२ अंशांचा असतो. लॉफ्ट कमी, म्हणून बॅकस्पिन (बॉलचं मागच्या बाजूला फिरणं) कमी, म्हणून तोच ४ अंशांचा फरक बॉलच्या फिरण्याचा आस फार जास्त कलवतो. आयर्नला भरपूर बॅकस्पिन असतो, त्यात हा दोष झाकला जातो. शिवाय ड्रायव्हर सगळ्यात लांब, ४५ इंचांच्या आसपास, त्यामुळे फेस वेळेवर सरळ होऊन पोचणं आणखी अवघड. थोडक्यात, आयर्न चांगलं लागतं म्हणून स्विंग चांगला आहे असं समजू नका. दोष तोच असतो, ड्रायव्हर फक्त तो उघड करतो.

नेटमध्ये निदान

इथे वेळ घाला. बहुतेक लोक निदान सोडून थेट औषधाकडे जातात. एकाने सांगितलं म्हणून ग्रिप, म्हणजे पकड, बदलली, दुसऱ्याने सांगितलं म्हणून पाय मागे घेतला, आणि महिन्याभराने कशामुळे काय झालं हे कुणालाच कळत नाही.

पहिली तपासणी, बॉल फेसवर कुठे लागतो. व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर घ्या, बॉलवर एक ठळक ठिपका काढा आणि ठिपका क्लबच्या बाजूला येईल असा बॉल टीवर (बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीलाही टीच म्हणतात) ठेवा. मारल्यावर फेसवर डाग उमटतो. कापडाने पुसा, परत मारा. (सांगलीत हे सांगितलं की कुणीतरी हळद लावू का विचारतंच. लावू नका, हातापासून ग्रिपपर्यंत सगळं पिवळं होतं.) डाग सारखा हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) बाजूला पडत असेल तर थांबा. तुमचा रोग कदाचित वेगळाच आहे. बॉल हीलवर लागला की आघाताने क्लबचं डोकं थोडं फिरतं आणि त्या फिरण्याने बॉलला उजवीकडे वळणारा स्पिन मिळतो. याला गिअर इफेक्ट म्हणतात. ड्रायव्हरचा फेस सपाट नसून फुगीर असतो, त्यामुळे हीलवरचा बॉल निघतो डावीकडे आणि वळतो उजवीकडे. नुसतं उड्डाण बघितलं तर हा हुबेहूब नेहमीचा स्लाइस वाटतो.

आमच्यात तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. त्यांनी याच गोंधळात पाथवर एक अख्खा हंगाम घालवला. पाथ चांगलाच होता. खाली येताना वजन चवड्यांवर जायचं, अंग बॉलकडे सरकायचं आणि बॉल हीलवर लागायचा. त्यांना लागू पडलेला उपाय साधा होता. दोन टी शेजारी शेजारी रोवायच्या, मध्ये दोन बोटांचं अंतर. बाहेरच्या टीसमोर क्लब धरून उभं राहायचं, पण मारायची आतली टी, बाहेरचीला धक्का न लावता. वजन तळपायाच्या मध्यावर ठेवल्याशिवाय ते जमतच नाही.

दुसरी तपासणी, बॉल निघतो कुठे. नेटच्या मध्यावर वरून खाली एक रंगीत दोरी सोडा. मॅटच्या मधोमध ठेवलेल्या टीपासून त्या दोरीपर्यंत सुतळी ताणून टार्गेटची रेघ पक्की करा, मग सुतळी काढून टाका. आता बॉल दोरीच्या डावीकडे लागतो की उजवीकडे ते बघायचं. नेट तीन मीटरवर असेल तर एक अंशाला साधारण पाच सेंटिमीटर पडतात. दोरीच्या वीतभर उजवीकडे लागला म्हणजे फेस चार अंशांच्या आसपास उघडा आहे. यंत्र नसताना एवढी अचूकता पुष्कळ झाली. सुरुवात ८५ टक्के फेसची असते, म्हणून दोरी जवळजवळ फेसच मोजते.

तिसरी तपासणी पाथची. बुटांचं रिकामं खोकं टीच्या मागे वीत-दीड वीत ठेवा, पण क्लब ज्या रेघेवरून यायला हवा तिच्या पलीकडे, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या बाजूला, चार बोटं जागा सोडून. क्लब बाहेरून आत येत असेल तर खोकं उडणार. वीट, लाकडी ठोकळा असलं काही ठेवू नका. हलकं खोकं नाहीतर गुंडाळलेला टॉवेलच ठेवा.

मोबाइलवर व्हिडिओ काढणार असाल तर एवढं सांभाळा. कॅमेरा तुमच्या मागे, टार्गेटच्या रेघेला समांतर, हाताच्या रेषेत आणि हाताच्याच उंचीवर. कॅमेरा एक फूट इकडेतिकडे सरकला की चांगला स्विंगही बाहेरून आत आल्यासारखा दिसतो. नातवाला किंवा पुतण्याला "काढ रे जरा" म्हणून मोबाइल देण्यात अर्थ नाही. स्टँड लावा.

तीन प्रकारचे स्लाइस

निदान झालं की स्लाइस तीनपैकी एका खणात बसतो.

डावीकडे निघून उजवीकडे वळणारा सगळ्यात जास्त आढळतो. पाथ फार डावीकडे आहे, फेस त्यापेक्षा कमी डावीकडे. मिरजेचे आमचे एक डॉक्टर याचं आदर्श उदाहरण. सकाळभर ओपीडीत बसून आखडलेलं अंग, वर जाताना खांदे पुरते वळत नाहीत, मग खाली येताना उजवा खांदा बॉलच्या दिशेने बाहेर झेपावतो. क्लब बाहेरून येतो आणि बॉलला कापत जातो.

सरळ निघून उजवीकडे वळणाऱ्यात फेस टार्गेटकडे आहे, पाथ डावीकडे. रोग तोच, सौम्य.

उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जाणारा मात्र मुळात फेसचा आजार आहे. पाथ कदाचित जवळपास सरळ असेल, पण फेस उघडा राहतोय. हा क्रिकेटवाल्यांना हमखास होतो. सांगली म्हणजे विजय हजाऱ्यांचं जन्मगाव, इथे चाळिशीपुढच्या कुणाच्याही हातात आधी बॅट आलेली असते आणि नंतर गोल्फचा क्लब. बॅट धरताना वरच्या हाताचा अंगठा-तर्जनीचा व्ही बॅटच्या पाठीवरच्या रेघेजवळ येतो. तीच पकड ड्रायव्हरवर आली की गोल्फच्या भाषेत ती कमकुवत ग्रिप, आणि फेस उघडा. त्यात थर्डमॅनला बॉल सरकवायची आयुष्यभराची सवय. मनगट सोडायचंच नाही, धरून ठेवायचं. एक्झिक्युटिव्ह लीग खेळलेले आमचे एक मित्र तर सुरुवातीला अभिमानाने म्हणायचे, "माझा बॉल पॉइंटवरून जातो." जात होता खरा.

दुरुस्तीचा क्रम: आधी फेस, मग पाथ

यावर माझं ठाम मत आहे आणि बऱ्याच जणांना ते पटत नाही. स्लाइसवाल्याला सगळे जण पाथ सुधारायला सांगतात. "आतून ये, आतून ये." पण फेस उघडा असताना पाथ आतून बाहेर केला, तर बॉल थेट उजवीकडे शेजारच्या होलच्या फेअरवेवर, म्हणजे गवत कापलेल्या पट्ट्यावर, जाईल. मेंदूला हे पहिल्या दोन फटक्यांतच कळतं आणि तो क्लब परत डावीकडे ओढायला लागतो. मुळात बाहेरून आत कापायची सवय लागते तीच उघड्या फेसला सांभाळून घेण्यासाठी. आधी फेस नीट करा, म्हणजे कापायची गरजच उरत नाही.

ग्रिपपासून सुरुवात. डाव्या हातात क्लब तळव्यात नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा. वरून बघितलं तर डाव्या मुठीचे दोन ते तीन उंचवटे दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात उजवीकडे वळवा. दोन्ही हातांचे व्ही उजव्या खांद्याकडे बोट दाखवतील. उजवा हात क्लबच्या वर चढू देऊ नका, तो जरा बाजूने, जरा खालून येऊ द्या. सुरुवातीला ही पकड इतकी विचित्र वाटते की बॉल डावीकडे जमिनीत घुसेल अशी भीती वाटते. तसं वाटलं नाही तर तुम्ही ग्रिप बदललेलीच नाही.

इथे एक सावधगिरी. पकड थोडी कमकुवत ठेवा असा सल्ला जुन्या मोठ्या खेळाडूंच्या नावावर खपतो, विशेषतः बेन होगन यांच्या. होगन यांना सुरुवातीची कितीतरी वर्षं हुकने छळलं होतं, बॉल डावीकडे वळायचा. त्यांनी शोधलेला उतारा हुकवरचा होता. स्लाइसवाल्याने तो घेतला तर उघडा फेस आणखी उघडेल.

ग्रिपनंतर डावं मनगट. क्लब वर गेल्यावर डाव्या मनगटाच्या पाठीला घडी पडत असेल तर फेस उघडतो. मनगट सपाट राहिलं तर तो काबूत राहतो. घड्याळाच्या पट्ट्याखाली शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, अर्धी हाताच्या पाठीवर येईल अशी. वर गेल्यावर ती हाताला टोचली तर घडी पडतेय. हे संथपणे, बॉल न ठेवता करायचं. पट्टी लावून जोरात स्विंग करू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. फेस सुधारला आणि पाथ अजून जुनाच असेल, तर बॉल कसा जाईल? सरळ रेषेत, पण टार्गेटच्या डावीकडे. न वळता. नेटमध्ये दोरीच्या वीतभर डावीकडे लागेल. हे बघून नव्वद टक्के लोक घाबरतात, म्हणतात "आता डावीकडे जायला लागला, नको ती ग्रिप," आणि जुन्या पकडीवर परत येतात. सगळी मेहनत तिथे पाण्यात जाते. डावीकडे सरळ गेलेला बॉल म्हणजे अर्धं काम झालं. फेस आणि पाथ एकमेकांना भेटले, आता फक्त दोघांना मिळून उजवीकडे आणायचं. या टप्प्यावर थांबायचं धैर्य ज्याला आहे त्याचा स्लाइस जातो. डॉक्टरांना मी हे एवढंच सांगत राहिलो, आणि ते दर वेळी "अहो, पण डावीकडे चाललाय" म्हणत राहिले. पुढच्या पुणेवारीत बॉल डावीकडच्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात) होता, पण वीस-पंचवीस यार्ड पुढे. स्लाइसमध्ये जास्तीच्या स्पिनमुळे अंतरही मरत असतं, ते परत मिळालं होतं.

मग पाथ. बहुतेकांचा अर्धा पाथ उभं राहण्यातच बिघडलेला असतो. बॉल डाव्या टाचेच्या रेषेत असावा. तो त्याच्याही पुढे गेला की त्याच्यापर्यंत पोचायला खांदे डावीकडे उघडतात, आणि क्लब गोलाईच्या ज्या भागात बॉलला भेटतो तिथे त्याची वाट आधीच डावीकडे वळलेली असते. ही चूक हळूहळू होते, दर आठवड्याला अर्धा इंच, म्हणून लक्षात येत नाही. मॅटवर चुन्याने किंवा टेपने खूण करून ठेवा. टीची उंची अशी की क्लब टेकवल्यावर अर्धा बॉल त्याच्या वर दिसेल. स्लाइसवाले टी खाली रोवतात, मग बॉलवर वरून कुऱ्हाड घालावी लागते.

खांद्यांचा कल बघा. उभं राहिल्यावर उजवा हात क्लबवरून काढून उजव्या गुडघ्याच्या बाजूला लावा आणि तसाच परत क्लबवर आणा. उजवा खांदा आपोआप डाव्यापेक्षा खाली येतो, पाठ टार्गेटपासून जराशी लांब कलते. ड्रायव्हर वर चढताना बॉलला भेटायला हवा, तो भेटतो या कलामुळे.

यानंतर उरतो तो वरून खाली येतानाचा क्षण. वर पोचलात की पाठ टार्गेटकडे आहे. ती क्षणभर तशीच ठेवायची आणि दाब आधी डाव्या पायावर जाऊ द्यायचा. खांदे नंतर. सरावासाठी उजवा पाय बुटाच्या लांबीएवढा मागे घ्या, पाठोपाठ खांदेही त्याच रेषेत आणा आणि पाऊण जोराने मारा. बाहेरच्या बाजूचं खोकं जागेवरच राहिलं पाहिजे. क्रिकेटवाल्यांना मी सांगतो, जागा करून एक्स्ट्रा कव्हरच्या डोक्यावरून इनसाइड-आऊट उचलता तसा हात जाऊ द्या, फक्त फेस मिडऑफकडे ठेवा. त्यांना हे एका वाक्यात कळतं. बाकीच्यांना हे सांगून उपयोग नाही, ते खोक्यानेच शिकतात.

दोरीवर काय दिसायला हवं? बॉल दोरीच्या किंचित उजवीकडे, चार-पाच सेंटिमीटर, आणि खोकं न हललेलं, डाग फेसच्या मध्यावर. हे तिन्ही एकत्र जमलं तर पुण्यात बॉल उजवीकडे निघून परत फेअरवेवर येईल.

कोर्सवर परत का येतो

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण, निशाणा. उजवीकडे झाडी किंवा हद्दीचे पांढरे खुंट दिसले की माणूस नकळत डावीकडे तोंड करतो. पाय डावीकडे, खांदे डावीकडे, म्हणजे पाथही डावीकडे. फेस मात्र टार्गेटकडेच राहतो, कारण बघतोय आपण तिकडे. झाला फरक तयार, झाला स्लाइस. पुढच्या टीवर आणखी डावीकडे उभं राहायचं, आणखी मोठा स्लाइस. हे दुष्टचक्र तोडायला एकच गोष्ट कामाला येते. बॉलच्या पुढे, टार्गेटच्या रेघेवर, दोन-तीन फुटांवर एखादं वाळलेलं पान किंवा मोडकी टी हेरायची. फेस आधी तिच्यावर लावायचा, मग पाय आणि खांदे त्या रेघेला समांतर. लांब बघून उभं राहायचंच नाही. नेटमध्ये मॅटच्या कडा हे काम फुकट करून देतात, म्हणून तिथे ही चूक होत नाही. कोर्सवर टी-बॉक्सच कधीकधी झाडीकडे तोंड करून असतो.

दुसरं कारण, प्रवास. सांगलीहून चार तास गाडीत बसून उतरल्यावर कंबर वळत नाही आणि न वळलेली कंबर म्हणजे खांद्यांनी खाली ओढलेला क्लब. साताऱ्याहून निघणाऱ्यांना निम्माच रस्ता, पण तेही वाटेत नाश्त्याला थांबून वेळ घालवतात आणि पळत टीवर येतात. पोचल्यावर दहा मिनिटं तरी दोन आयर्न एकत्र धरून सावकाश फिरवा. तेवढाही वेळ नसेल तर पहिल्या दोन होलवर तीन नंबरचं वुड घ्या. लॉफ्ट जास्त, लांबी कमी, स्लाइसही कमी.

वारा हे कारण कमी, निमित्त जास्त. तरीही चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या बाजूला किंवा उघड्या माळावर सराव करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की समोरच्या वाऱ्यात बॉल जास्त वळतो, कारण हवेच्या तुलनेत त्याचा वेग वाढतो आणि वळवणारा जोरही. पाठच्या वाऱ्यात तोच फटका बराच सरळ दिसतो. पाठीवर वारा घेऊन माळावर मिळालेल्या सरळ बॉलवर विश्वास ठेवू नका. आणि माळ असो की तोडणी झालेला उसाचा फड, बॉल मारण्याआधी पलीकडे माणूस किंवा जनावर नाही याची खात्री करा. स्लाइस कुठे जाईल हे मारणाऱ्यालाही माहीत नसतं.

क्लबचा दोष किती

थोडा असतो. नवा ड्रायव्हर घेऊन स्लाइस गेला असं मी फारसं बघितलेलं नाही, कमी झालेला बघितलाय. हीलकडे वजन दिलेले ड्रॉ-बायस ड्रायव्हर फेस बंद व्हायला मदत करतात. ९ अंशांचा क्लब वापरत असाल तर साडेदहा किंवा १२ वर या, फरक दिसेल. होझल, म्हणजे डोकं आणि शाफ्ट यांचा सांधा, फिरवून लॉफ्ट वाढवता येत असेल तर बहुतेक क्लबांमध्ये त्यासोबत फेसही थोडा बंद होतो, दुहेरी फायदा. फक्त ही फिरवाफिरवी राउंड सुरू व्हायच्या आधी करा, राउंडच्या मध्ये क्लबची सेटिंग बदलणं नियमात बसत नाही. फार कडक शाफ्ट आणि फार जाड ग्रिप हेही फेस उशिरा बंद व्हायला कारण होतात. पन्नाशीपुढे स्टिफ शाफ्टचा हट्ट सोडायला हरकत नाही.

फुकटातला उपाय म्हणजे क्लब इंचभर खाली धरणं. अंतर फारसं जात नाही, बॉल मध्यावर लागायला लागतो.

आणि ग्रिपचं रबर बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बंद गाडीच्या डिकीत किट महिनाभर पडून असतं. उष्णतेने रबर कडक आणि गुळगुळीत होतं, क्लब हातातून सटकेल या भीतीने मूठ आवळली जाते, आवळलेल्या मुठीने मनगट वळत नाही आणि फेस उघडाच येतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना ब्रश, मग सावलीत वाळवणं. तरीही चकाकत असेल तर ग्रिप बदला. नव्या ड्रायव्हरच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

हे सगळं करून दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर पुण्यात लाँच मॉनिटर (फटक्याचे आकडे मोजणारं यंत्र) असलेल्या कोचकडे एक तास घ्या. जाताना काय विचारायचं ते ठरवून जा. फेसचा कोन, पाथ, आणि बॉल फेसवर कुठे लागला. हे तीन आकडे आधी मागा, दहा-बारा फटक्यांचे, आणि लिहून घ्या. बॉल स्पीड आणि कॅरी (बॉलने हवेत कापलेलं अंतर) बघण्यात लोक अर्धा तास घालवतात, मित्राचा आकडा आपल्यापेक्षा किती पुढे आहे यात उरलेला. फेस आणि पाथमधला फरक दोन अंशांच्या आत आला असेल आणि डाग मध्यावर असेल, तर घरच्या नेटमधली दोरी आणि खोकं बरोबर लागलेली आहेत असं धरा आणि तसंच चालू ठेवा. फरक चार-पाच अंशांचा निघाला, तर कोचला पाथ दाखवू देण्याआधी ग्रिप दाखवा.